नानांचं इंजेक्शन आणि आपली पुडी



मागच्या आठवड्यात शेजारच्या गावातला एक तरुण शेतकरी घरी आला. पहिलंच डाळिंब, अडीच एकर भगवा, मृग बहार धरलेला. मोबाईलमध्ये पानांचे आणि फळांचे फोटो. म्हणाला, "दादा, तेल्या वाटतोय. दोनशे लिटरला पुडी किती टाकू?"

पुडी म्हणजे काय हे आपल्या कसमादे पट्ट्यात कोणाला सांगायला नको. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा, कुठंही जा, सहा ग्रॅमची ती पुडी प्रत्येक डाळिंबवाल्याच्या हाताखालून गेलेली आहे. आत स्ट्रेप्टोमायसीन आणि थोडं टेट्रासायक्लिन. दोन्ही अँटिबायोटिक. मी त्याला चहा दिला आणि म्हटलं, "पुडीचं मागून बघू. आधी आमच्या नानांना भेट."

नाना म्हणजे माझे वडील. ओट्यावर बसले होते. पोरगा म्हणाला, "राम राम नाना." नानांनी मान वळवली नाही. त्याने जवळ जाऊन मोठ्याने म्हटलं, तेव्हा नाना नुसते हसले. उजव्या कानाने त्यांना काही येत नाही, डाव्याने अर्धंमुर्धं. लोकांना वाटतं वय झालं. वयाने नाही झालं ते.

पंचवीसेक वर्षं झाली. नानांना टीबी झाला. गोळ्या सुरू झाल्या, दोन महिन्यांत खोकला थांबला, अंगात ताकद आली. तेवढ्यात उन्हाळ कांदा काढणीला आला. नाना म्हणाले, आता बरं वाटतंय, आणि गोळ्या सोडल्या. वर्षभरात टीबी परत आला, आणि आधीपेक्षा जोरात. दुसऱ्या वेळच्या उपचारात गोळ्यांबरोबर इंजेक्शन होतं, एक दिवसाआड, दोन महिने. मीच सायकलवर डबलसीट न्यायचो त्यांना. छोटी काचेची बाटली, आत पांढरी पावडर, त्यात पाणी सोडून हलवायची. नाव होतं स्ट्रेप्टोमायसीन. टीबी गेला. पण महिनाभरात कानात घुंई घुंई सुरू झाली, चालताना तोल जायला लागला, आणि कान गेले ते परत आले नाहीत. या औषधाचा हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. तरीही ते दिलं, कारण त्या वेळी जीव वाचवायचा होता. नाना आजही म्हणतात, कान गेले पण पोरांची लग्नं पाहिली.

त्यानंतर दहा-बारा वर्षांनी मी डाळिंब लावलं. दुसऱ्याच मृग बहारात तेल्या आला. दुकानातून पुड्या आणल्या, सोबत कॉपरचा डबा. सकाळी टाकीत औषध कालवत होतो. नाना बांधावर बसून रिकाम्या पुड्या गोळा करत होते, जाळायला. त्यातली एक त्यांनी डोळ्यांजवळ धरली आणि अक्षर अक्षर लावत वाचली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अरे, हे तर माझं औषध. झाडालाबी टीबी होतो का?"

मी हसून उडवलं. त्या बहारात नऊ फवारण्यांत पुडी टाकली. तरी निम्मी फळं फुटली. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला पुढं बरीच वर्षं लागली. आज ते लिहितोय.

तेल्या म्हणजे नेमकं कोण?

आपण सगळ्याला "रोग" म्हणतो. बुरशी असो, जिवाणू असो, विषाणू असो, आपल्यासाठी डाग म्हणजे रोग आणि रोग म्हणजे फवारणी. इथंच पहिली चूक होते.

तेल्या हा जिवाणू आहे. शास्त्रीय नाव झँथोमोनास, त्यातला डाळिंबावर जगणारा प्रकार. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ ची, दिल्लीची. म्हणजे आपल्याकडे त्याने बागा तोडायला लावल्या त्याच्या पन्नास वर्षं आधी तो देशात होता. मग एवढा पसरला कसा? आपण पसरवला. एका भागातून दुसऱ्या भागात ट्रक भरभरून गुटी कलमं गेली, त्यांच्याबरोबर तो गेला. पावसाच्या थेंबाने एका पानावरून दुसऱ्या पानावर उडाला. आणि छाटणीच्या टोळीबरोबर, त्यांच्या कात्रीवर बसून, एका बागेतून दुसऱ्या बागेत गेला.

पानात शिरायला त्याला दोन वाटा पुरतात. एक पानाची सूक्ष्म छिद्रं, दुसरी जखम, मग ती काट्याची असो, गारेची असो की कात्रीची. आत गेला की पेशींच्या मधल्या जागेत बसतो. पुढचं वाचून मी थक्क झालो होतो. या जिवाणूकडे सुईसारखी एक रचना असते. ती तो झाडाच्या पेशीत खुपसतो आणि आत आपली प्रथिनं सोडतो. ही प्रथिनं काय करतात? झाडाची राखण करणारी यंत्रणा गप्प करतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी आपल्या डाळिंबाच्या तेल्यावरच हे काम केलंय, कोणतं प्रथिन झाडाची कोणती राखण मोडतं ते दाखवलंय. चोर घरात शिरतो तो आधी कुत्र्याला भाकरी टाकूनच.

आता विचार करा. जिवाणू पानाच्या आत, आपलं फवारलेलं औषध बहुतेक पानाच्या वर. जे आत जातं ते थोडं. वरचं ऊन आणि पाऊस संपवतो. म्हणून पुडी मारून "चार दिवस रोग थांबला" असं वाटतं, आणि पुढचा पाऊस आला की परत पहिले पाढे पंचावन्न.

तिरंगा आठवतोय का?

२०२० चा मे महिना. लॉकडाऊन. नाशिक, नगर, पुणे या पट्ट्यात उन्हाळी टोमॅटोवर विचित्र प्रकार सुरू झाला. फळ एकसारखं लाल होईना, पिवळे-हिरवे पट्टे, आतून काळपट, कडक. लोकांनी नाव ठेवलं तिरंगा. टीव्हीवर बातम्या अशा आल्या की जणू टोमॅटो खाल्ला तर माणसाला करोनापेक्षा भयंकर काहीतरी होईल. भाव आधीच पडलेले होते, त्यात ही भर. माझा अर्धा एकर होता. क्रेट मार्केटला नेले आणि परत आणून शेळ्यांपुढं टाकले.

त्या वेळी मी काय केलं ते लपवत नाही. दुकानात फळ दाखवलं. दुकानदार म्हणाला, व्हायरस आहे, पुडी आणि कॉपर घ्या, वरून हे टॉनिक घ्या. घेतलं. दोन फवारण्या केल्या. एका फळाचा रंग बदलला नाही.

बंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेत नमुने तपासले गेले तेव्हा त्यात प्रामुख्याने सापडला तो कुकुंबर मोझॅक व्हायरस. नाव काकडीचं, पण शेकडो वनस्पतींवर जगणारा. मावा त्याला झाडाझाडावर नेतो. माणसाला त्याचा काही धोका नाही. वनस्पतीचा विषाणू माणसाच्या पेशीत वाढत नाही. पण हे शांतपणे सांगणारं कोणी नव्हतं, आणि घाबरवणारे ढीगभर होते.

आता यातली मुख्य गोष्ट समजून घ्या, कारण आजही लोक व्हायरसवर पुडी मारतात.

जिवाणू हा एका पेशीचा, पण पूर्ण जीव आहे. त्याचा स्वतःचा संसार आहे. प्रथिनं बनवायचा त्याचा स्वतःचा कारखाना असतो, त्याला रायबोसोम म्हणतात. स्ट्रेप्टोमायसीन जाऊन नेमकं त्या कारखान्यात पाचर मारतं. चुकीची प्रथिनं बनायला लागतात आणि जिवाणू मरतो.

विषाणूकडे हा कारखानाच नाही. तो म्हणजे प्रथिनाच्या डबीत ठेवलेली एक चिठ्ठी. झाडाच्या पेशीत शिरतो आणि झाडाच्याच कारखान्यावर स्वतःच्या प्रती छापून घेतो. मग पुडीने पाचर मारायची कुठं? व्हायरसवर अँटिबायोटिक मारणं म्हणजे ज्या माणसाकडे विहीर नाही त्याच्या विहिरीची मोटार जाळायला जाण्यासारखं आहे. पैसे गेले, दिवस गेला, आणि पानावर, मातीत जे निरुपद्रवी किंवा उपयोगी जिवाणू होते ते मात्र मेले.

त्यांची आपापसातली लढाई

इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असेल. पुढची गोष्ट मला उशिरा कळली आणि तिने माझं मत बदललं.

विषाणू नुसते माणसाला, जनावराला आणि झाडालाच होतात असं नाही. जिवाणूलाही विषाणू होतो. त्याला फाज म्हणतात, म्हणजे जिवाणूखाऊ. पृथ्वीवर संख्येने यांच्याएवढं दुसरं काही नाही. तुमच्या बागेतल्या चिमूटभर मातीतही ते मोप आहेत.

१८९६ मध्ये अर्नेस्ट हॅन्किन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने आग्र्याला बघितलं की गंगा-यमुनेच्या न उकळलेल्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात, उकळलेल्या पाण्यात मरत नाहीत. तेव्हा कारण कळलं नाही. १९१७ मध्ये फेलिक्स द'हेरेल यांनी फाजला नाव दिलं. आणि १९२४ मध्ये अमेरिकेत सडलेल्या कोबीच्या गाळलेल्या पाण्याने कोबीवरचा झँथोमोनास वाढायचा थांबतो हे दिसलं. म्हणजे आपल्या तेल्याच्या भाऊबंदावर हा प्रयोग शंभर वर्षांपूर्वीच झालाय.

आता जिवाणू काय गप्प बसतो? नाही. दही-चीज बनवणाऱ्या कंपन्यांचं विरजण कधी कधी अचानक मरतं, कारण त्यात फाज शिरतो. अशाच एका कंपनीच्या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये दाखवलं की जे जिवाणू या हल्ल्यातून वाचतात ते विषाणूच्या चिठ्ठीचा एक तुकडा कापून स्वतःच्या दप्तरात जपून ठेवतात. पुढच्या वेळी तोच विषाणू आला की ओळखून त्याचे तुकडे करतात. याला क्रिस्पर म्हणतात. यावरूनच जीन कापायची कात्री तयार झाली आणि २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल दोघी शास्त्रज्ञ बायांना मिळालं, इमॅन्युएल शार्पेंटिए आणि जेनिफर डाउडना. आपण तिरंग्यावर पुड्या मारत होतो तेच साल.

त्याच्याही पुढं, २०१८ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेने जिवाणूंच्या अशा कितीतरी नव्या संरक्षण यंत्रणा शोधल्या. त्यातल्या एकीत जो भाग सापडला, त्याच घराण्यातला भाग आपल्या द्विदल झाडांच्या रोगप्रतिकारातही आहे. जिवाणूत विषाणू शिरल्याची घंटा वाजते, झाडात रोग शिरल्याची घंटा वाजते, आणि दोन्ही घंटा एकाच जुन्या ओतकामाच्या आहेत असं दिसतंय.

हे मी कशासाठी सांगतोय? एवढ्यासाठी की हे जीव अब्जावधी वर्षं एकमेकांशी लढत आलेत. मारणं आणि चुकवणं हाच त्यांचा धंदा. त्यांच्यासमोर आपण एकच पुडी घेऊन, दर आठ दिवसांनी, त्याच दुकानातून आणून उभे राहतो. तो शिकणार नाही तर काय?

आणि शिकलाय. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये टोमॅटो-मिरचीच्या झँथोमोनासवर स्ट्रेप्टोमायसीन चालेनासं झाल्याची नोंद १९६० च्या दशकाच्या सुरुवातीचीच आहे. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात फळबागांतल्या फायर ब्लाइटवर तेच झालं. रायबोसोमच्या नकाशातलं एक अक्षर बदललं की पाचर बसतच नाही. एका डागात जिवाणू लाखोंनी असतात. त्यातला एक जरी असा निघाला तरी पुडी त्याच्या भाऊबंदांना मारते आणि त्याला अख्खं रान मोकळं करून देते.

शेतातून दवाखान्यात

आता नानांच्या प्रश्नाकडे येतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण या पानावर कृषी आणि वैद्यकीचे जाणकारही आहेत. डाळिंबावर पुडी मारली म्हणून उद्या गावातल्या टीबीचा जंतू सोकावेल, असं सरळ होत नाही. टीबीचा जंतू दुसऱ्यांकडून जीन उसने घेत नाही. तो रुग्णाच्या शरीरातच, अर्धवट सोडलेल्या उपचारामुळे सोकावतो. आमच्या नानांनी केलं तसं.

पण बाकीचे असंख्य जिवाणू जीनची देवाणघेवाण करतात, बांधावरून शेजाऱ्याने विळा मागावा तशी. स्ट्रेप्टोमायसीन निकामी करणाऱ्या जीनची एक जोडी झाडांच्या जिवाणूंत सापडते, तीच जनावरांच्या आणि माणसांच्या जिवाणूंतही सापडते. आपण शेतात अँटिबायोटिक फवारतो तेव्हा ते नुसतं तेल्याला लागत नाही. पानावरच्या, मातीतल्या, गोठ्याच्या उकिरड्यातल्या सगळ्या जिवाणूंची परीक्षा घेतो आपण, आणि जे पास होतात ते आपल्याच हातावर, आपल्याच पाण्यात येतात. फवारणारा माणूस, त्याची बायको, बांधावर खेळणारं पोर. आधी आपणच.

अजून एक. हे औषध आलं कुठून? १९४३ मध्ये अमेरिकेत आल्बर्ट शाट्झ नावाच्या विद्यार्थ्याने सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत ते शोधलं. ज्या जिवाणूपासून मिळालं त्यातला एक वाण भरपूर शेणखत घातलेल्या शेताच्या मातीतला होता. शेतातल्या मातीने माणसाला टीबीवरचं पहिलं खरं औषध दिलं. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. आणि ते औषध आपण बागेत पाण्यासारखं ओतलं.

बंदीचं काय?

सरकारमान्य यादीत या पुडीला आठ पिकांची परवानगी होती. सफरचंद, लिंबूवर्गीय, बटाटा, टोमॅटो, भात, चहा, तंबाखू, घेवडा. डाळिंबाचं नाव त्यात नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं आपण जे केलं ते लेबलबाहेरचंच होतं. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने मसुदा आदेश काढला. त्यात १ जानेवारी २०२४ पासून शेतीत याचा वापर पूर्ण बंद करायची तारीख होती. ती तारीख मागे पडली. पण आपल्या डोक्यातली पुडी गेली नाही. परवाचा तो पोरगा मला "टाकू का?" असं विचारत नव्हता. "किती टाकू?" विचारत होता.

बांधावर लोक म्हणतात, "हातातलं हत्यार काढून घेतलं, आता बाग जाळायची का?" त्यांचा राग मला समजतो. एकरी लाखांनी खर्च केलेला असतो, सोसायटीचं कर्ज असतं, फळ लिंबाएवढं झालेलं असतं आणि त्यावर काळा डाग दिसतो. त्या रात्री झोप लागत नाही. त्या रात्री कोणी काहीही विकलं तरी आपण घेतो. मीही घेतलंय. पण माझं मत आता ठाम आहे. पुडी सोडायला आदेशाची वाट बघायची गरज नाही. ती आपली ढाल कधी नव्हतीच, ती आपली भीती होती.

मग करतो काय?

मी शहाणा नाही, तेल्या माझ्याकडे आजही येतो. पण गेल्या काही बहारांत अँटिबायोटिकचा एक कण न वापरता बाग टिकली आहे. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या शिफारशी आणि स्वतःच्या चुका, यातून जे उरलं ते असं:

१. बहार बदलला. मृग सोडून हस्त धरतो. फळ वाढतं तेव्हा पाऊस नसतो, हवा कोरडी असते. परतीचा पाऊस लांबला तर ताण बसत नाही, हा धोका आहे. पण तेल्यापेक्षा तो परवडतो.

२. काढणीनंतर झाडाला तीन-चार महिने विश्रांती, आणि त्या काळात खत-पाणी नीट. दमलेल्या झाडाची राखण आधीच ढिली असते. झाड सांभाळणं हीच अर्धी फवारणी.

३. छाटणीची टोळी आली की कात्र्या माझ्या बादलीत बुडतात, सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात, प्रत्येक झाडानंतर. पहिल्या वर्षी टोळीचा मुकादम चिडला. आता तोच दुसऱ्या बागेत बादली मागतो.

४. रोगट काड्या, पानं, फळं वेचून बागेबाहेर जाळतो. गळालेल्या पानात हा जिवाणू महिनोन्महिने जगतो. जमिनीवर ब्लिचिंग पावडर.

५. छाटणीनंतर आणि विश्रांतीत एक टक्का बोर्डो, घरी ताजं बनवून. लोखंडी खिळा बुडवून बघायचा, तांबूस थर चढला तर चुना कमी आहे. पण तांब्यालाही सोकावलेले झँथोमोनास फ्लोरिडात सापडलेत. म्हणून बोर्डोही मोजूनच.

६. बाग ओली असताना आत जात नाही, कोणाला जाऊ देत नाही.

७. नवी लागण करायची तर तेल्या असलेल्या बागेची गुटी फुकट मिळाली तरी नको.

टोमॅटोसाठी वेगळं. तिथं विषाणू आहे, त्याला औषध नाही, त्याची गाडी अडवायची. रोपवाटिकेवर बारीक जाळी, मावा-पांढरी माशी-फुलकिड्यांवर लक्ष, पहिली रोगट झाडं दिसताच उपटून बाहेर. आणि तंबाखू मळलेल्या हाताने रोपाला हात लावायचा नाही, कारण टोबॅको मोझॅकच्या कुळातले विषाणू हातानेच पसरतात.

फाजचं म्हणाल तर अमेरिकेत टोमॅटो-मिरचीच्या जिवाणूजन्य ठिपक्यावर फाजचं उत्पादन २००५ पासून नोंदणीकृत आहे. आशा आहे. पण फाज उन्हात लवकर मरतो, ठरावीक वाणालाच धरतो, आणि जिवाणू त्यालाही चुकवायला शिकतो. म्हणून उद्या कोणी बाटलीवर "फाज" लिहून आणलं तर आधी विचारा, कोणत्या जिवाणूवर? आपल्या भागातल्या तेल्यावर तपासलंय का? कागद दाखवा.

एक मागणी, एक विनंती

मागणी सरकारकडे. बंदी घालता, घाला. पण आधी तालुक्याला निदान द्या. पान दिलं की तीन दिवसांत कागदावर उत्तर, बुरशी, जिवाणू की विषाणू. मालेगाव-सटाण्याच्या शेतकऱ्याने नमुना घेऊन सोलापूर किंवा बंगळुरू गाठायचं, आणि उत्तर येईपर्यंत रोगाने बाग संपवायची, हे चालणार नाही. आज आपल्याकडे डॉक्टर आणि मेडिकलवाला एकच आहे. जो रोग सांगतो तोच औषध विकतो. त्यात दुकानदाराचा एकट्याचा दोष नाही, त्याच्याकडेही सूक्ष्मदर्शक नाही.

विनंती या पानावरच्या कृषी पदवीधर मित्रांना. सल्ला लिहून देता तेव्हा औषधाच्या वर एक ओळ लिहा, "कारण: जिवाणू" किंवा "कारण: विषाणू". खात्री नसेल तर "तपासायला पाठवा" लिहा. एवढ्या एका ओळीने निम्म्या चुकीच्या फवारण्या थांबतील असं मला वाटतं.

त्या पोराच्या फोटोंचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या बागेत गेलो. काही पानं उजेडासमोर धरली, कडेने तेलकट, पारदर्शक दिसली, फळावर डागातून वायच्या आकाराची चीर. तेल्याच होता, पण वरच्या अंगाच्या दोन ओळीत. शेजारच्या ओळीत मात्र निव्वळ बुरशीचे ठिपके होते. तो दोन्हीवर तीच पुडी मारणार होता. रोगट फळं-काड्या वेचल्या, जाळल्या, टोळीची कात्री बंद केली. बहार पूर्ण वाचेल असं मी त्याला सांगितलं नाही. अर्धा वाचला तरी पुढच्या वर्षी हस्त धर म्हटलं.

घरी आलो तर नानांनी विचारलं, "काय झालं त्याच्या बागेचं?" मी कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "तुमचं औषध मारू नको म्हटलं त्याला!" नाना थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बरं केलं. ते माणसासाठी ठेवा. कोणाला लागलं तर?"

तुमच्या बागेत पुडीशिवाय तेल्या कसा सांभाळता, काय जमलं, काय फसलं, ते लिहा. फसलेलं आधी लिहा, त्यातून जास्त शिकायला मिळतं.

राम राम.